अर्धा गडात, अर्धा बाहेर

भुयारात शिरावं तर माझ्यासारखं! पन्हाळ्यावरची एकही चोरवाट मला नवी नाही, असं मी विमलाच्या वडिलांना ठणकावून सांगितलं होतं. अप्पा मला जावई म्हणून पारखत होते आणि विमला मला आवडली होती. फारच! मग नुसत्या चहापोह्यांवर कशाला भागवायचं? म्हटलं, "गडावरच चला, भुयार दाखवतो!"

गडावर आधी झुणका-भाकरी आणि घट्ट दही झालं. मी लाजलो नाही. मग कंदील घेऊन आम्ही तिघं भुयारात उतरलो. ते तटातल्या एका चौकोनी खिडकीशी संपतं. "इथून मावळे निसटायचे!" म्हणत मी डोकं घातलं, खांदे घातले आणि पोटापाशी अडकलो. बाटलीच्या बुचासारखा! अप्पांचा आवाज माझ्या कमरेशी घुमून मला कसाबसा ऐकू येत होता. बाहेर मात्र काही पोचत नव्हतं.

उतारावर गवत कापणारी अंबूबाई विळा टाकून पुढं आली.

"आगं बया! पावणं, हितं कुठं? लगीन झालंय का?"

त्याच वेळी आतून अप्पांनी विचारलं, "फार दुखतंय का हो?"

"छे, मुळीच नाही!" मी ओरडलो.

अंबूबाई खुलली. "आमची तानी हाय की! कामाला वाघीण! करून घेतासा का?"

आतून अप्पा म्हणाले, "पाय धरून ओढू का?"

"हो, हो! आत्ताच! लगेच!"

"आवं, ऐकलंसा का!" अंबूबाईनं खाली बघून हाळी दिली. "जावई गावला!"

तिचे कारभारी कृष्णात धावत आले आणि माझे दोन्ही हात धरून ओढू लागले. "पावण्याला आधी घरला न्यायचं!" आत अप्पा पाय सोडेनात. माझी तानी ठरली, विमला गेली! मला रडू यायचं बाकी होतं.

बाहेरचा दंगा विमलाच्या कानावर गेला असावा. भुयारातून मागं फिरून, तटाला वळसा घालून ती धापा टाकत आली.

"मावशी, सोडा त्यांना! ते आमचे आहेत!"

"तुमचं कसं? तोंड तर आमच्याकडं हाय!"

"पाय आमच्याकडे आहेत!"

आमचे! हा शब्द ऐकला आणि, खरं सांगतो, माझं पोट आपोआप आत गेलं. कृष्णातच्या हातातून निसटून मी सुळकन भुयारात, थेट अप्पांच्या अंगावर! कंदील विझला.

"अप्पा," मी अंधारात विचारलं, "मग मी... पसंत?"

"पसंत हो!" खालून आवाज आला. "पण लग्नाला उपाशीपोटी या. आमच्या घराचं दार अरुंद आहे!"