पत्रूभाऊंचा मुरवलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर घ्यायला आलेला माणूस आधी त्याचा वास घेतो, हे मी पत्रूभाऊंच्या आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

तेव्हा चंद्रपुरात जटपुरा गेटाजवळच्या एका बोळात माझं दुकान होतं. नागपूरहून सुटे भाग आणायचे, इथे जोडायचे आणि कंपनीच्या तयार कॉम्प्युटरपेक्षा हाच जास्त टिकेल असं गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचं, असा धंदा. बऱ्याचदा ते खरंही निघायचं. खोक्यांच्या थर्माकोलने दुकान कायम पांढरं झालेलं असे आणि कॉलेजची पोरं काउंटरवर रेलून रॅमबद्दल अशी भांडत, जणू काय वडिलार्जित शेतीच वाटून घेताहेत. फार मजेचे दिवस होते.

अशाच एका दुपारी एक उंच, काटकुळा माणूस आत आला. पांढरा पायजमा, कानामागे सुताराची चपटी पेन्सिल. सरळ रिकाम्या कॅबिनेटांपाशी गेला. एकावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, मग वाकून नाक लावलं आणि म्हणाला, "हा कोवळा हाये. दुसरा दाखवा."

मी म्हटलं, "भाऊ, तो पत्र्याचा डबा आहे."

"असन ना जी. पत्रा असो का लाकूड, कोवळा तो कोवळाच."

हे पत्रूभाऊ मोहुर्ले, अहेरीचे. तिथल्या लाकडं चिरायच्या एका आरा मशीनवर सागवान पारखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. घराचं दार करायचं असलं की लोक त्यांना विचारायला येत आणि ते सगळ्यांना एकच सांगत: "एक उन्हाळा, एक पावसाळा पाहू द्या त्याले." ओल्या लाकडाचं दार पावसाळ्यात फुगतं, अडतं. म्हणून लाकूड आधी वर्षभर पडू द्यायचं, मग त्याला हात लावायचा.

हा नियम त्यांनी लाकडापुरता ठेवला असता, तर मी आज हे लिहायला बसलोच नसतो. नवी चप्पल ते वर्षभर खुंटीला टांगून ठेवत. नवी छत्री पहिल्या पावसात कधीच बाहेर काढत नसत. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा जावयालाही त्यांनी वर्षभर थांबवलं होतं, असं त्यांच्या पत्नी यशोदाबाई सांगायच्या. जावई टिकला, हे मात्र मान्य करावं लागेल.

कॉम्प्युटर हवा होता धाकट्या प्रफुलसाठी. प्रफुल चंद्रपूरला डिप्लोमा करत होता, होस्टेलवर राहायचा. सुट्टीत घरी आला की दुसऱ्याच दिवशी काहीतरी निमित्त काढून परत चंद्रपूर गाठायचा. पत्रूभाऊंनी एकदा पाठोपाठ येऊन पाहिलं, तर चिरंजीव बसस्टँडजवळच्या एका गेम पार्लरमध्ये मोटारी पळवत बसलेले. दुसरा बाप असता तर कान धरून बाहेर काढला असता. पत्रूभाऊ दारातूनच परतले आणि थेट माझ्याकडे आले.

"पोराले अहेरीत करमत नाई," ते म्हणाले. "त्याचं मन इथी लागते. मंग हेच घरी नेलं त? राहीन का नाई तो घरी?"

मी म्हटलं, राहील.

"मंग असा टिकाऊ बनवा का उद्या त्याचे पोरं बी त्याच्यावर खेळले पायजे. आन् खर्चाचं जरा बेतानं."

बेताच्या पैशात टिकाऊ गेमिंग कॉम्प्युटर हा माझा आवडता विषय. मी खुर्ची ओढली. दिसणाऱ्या गोष्टींवर पैसे घालवू नका, म्हटलं. मॉनिटर साधा चालेल, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट नको. पैसा घाला तो पॉवर सप्लायवर, कारण आपल्याकडची वीज कधी पावणेतीनशे व्होल्ट तर कधी मरगळलेली. मदरबोर्ड चांगला घ्या. ग्राफिक्स कार्ड मधलं घ्या. आणि हवा खेळती ठेवा, आपल्या उन्हाळ्यात माणूस टिकत नाही तिथे चिप काय टिकणार.

पत्रूभाऊ मन लावून ऐकत होते. मग त्यांनी दुकानातले सगळे पॉवर सप्लाय एकेक करून तळहातावर तोलले, डोळे मिटून. सर्वांत जड होता तो बाजूला काढला. माझीही निवड तीच होती, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला. पण लगेच त्यांनी एक उत्तम ग्राफिक्स कार्ड नाकारलं. कारण काय, तर त्याच्या पंख्याचा आवाज किड्याने लाकूड कुरतडल्यासारखा येतो. आदर जरा कमी झाला.

त्या दिवशी ते फक्त कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय घेऊन गेले. बाकीचं उद्यापरवा नेतील, असं मला वाटलं. ते उगवले पुढच्या दिवाळीला.

"अहो पत्रूभाऊ, होता कुठे?"

"मी कुठी जातो? त्याले उन्हाळा-पावसाळा दाखवून राह्यलो होतो."

त्यांनी ते रिकामं कॅबिनेट वर्षभर पडवीत ठेवलं होतं. फळ्या वाकू नयेत म्हणून आरा मशीनवर त्या उलटसुलट करतात, तसं दर पंधरवड्याला कॅबिनेट या कुशीवरून त्या कुशीवर केलं होतं. "बिलकुल वाकला नाई," ते समाधानाने म्हणाले. लोखंडाचं कॅबिनेट न वाकल्याबद्दल मी त्यांचं अभिनंदन केलं.

मग मी त्यांना समजावून पाहिलं. "भाऊ, हा भाजीपाला आहे. आज ताजा, उद्या शिळा. दरवर्षी नवा माल येतो, जुन्याला कोणी विचारत नाही. सगळं एकदम घ्या, हप्ता बांधून देतो."

ते हसले. "तुमचं वय काय जी?"

मी सांगितलं.

"म्हून."

पैसा थोडाथोडा येत होता हे खरं, पण अडचण पैशाची नव्हती. चांगली वस्तू घाईने उभी राहत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. प्रोसेसर आणि मदरबोर्ड तरी एकत्र घ्यावेत म्हणून मी शेवटी युक्ती केली. म्हटलं, ही बैलांची जोडी आहे, एक आज आणि एक पुढच्या वर्षी घेतला तर जुंपायचे कसे? हे मात्र त्यांना तात्काळ पटलं. जोडी अहेरीला गेली आणि धान साठवायच्या ढोलीवर, घरातल्या सर्वांत कोरड्या जागी, यशोदाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बसली.

पुढच्या वर्षी ते रॅम घ्यायला आले, तेव्हा त्या मापाची रॅम बाजारातून गेलेली. मी नागपूरचे सगळे जुने ओळखीचे दुकानदार पालथे घातले. त्याच्या पुढच्या वर्षी ग्राफिक्स कार्डाचं तेच. प्लगला एकदाही न लागता वॉरंटी संपलेला तो आमच्या भागातला पहिलाच कॉम्प्युटर असावा. दुकानात पोरं त्यांची वाट बघत. ते रॅमची पट्टी उजेडात धरून एका डोळ्याने ती सरळ आहे का पाहू लागले, की हसण्यासाठी बाहेर पळत. त्यांना ते कळायचं. त्याचं त्यांना काहीच वाटायचं नाही.

मधल्या काळात प्रफुल पास झाला आणि पुण्याला एका कारखान्यात लागला.

हे मला कळलं तेव्हा आता कॉम्प्युटर राहणार, असं मी धरून चाललो. पत्रूभाऊ मात्र घाईत होते, आणि त्यांना घाईत मी पहिल्यांदाच पाहत होतो. "दिवाळीले येऊन राह्यला तो. आता उभा करू. चला तुम्ही."

गोंडपिपरी, आष्टी करत एसटीने मी अहेरीला गेलो. घरात कॉम्प्युटरसाठी सागाचं टेबल तयार होतं आणि त्याच्यासमोर खुर्चीऐवजी एक बाक, दोन माणसं आरामात बसतील असा. टेबलाच्या बाजूला पाण्याने भरलेला माठ ठेवला होता, मशीनला गारवा मिळावा म्हणून. मी माठ लांब सरकवला, यशोदाबाईंनी हळदीकुंकू वाहिलं, पत्रूभाऊंनी नारळ फोडला आणि मी बटण दाबलं. पहिल्याच झटक्यात पडदा उजळला. इतकी वर्षं गुंडाळून ठेवलेले भाग असे बिनतक्रार चालू लागलेले पाहून मलाच नवल वाटलं. पत्रूभाऊंनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं.

त्यांच्या सांगण्यावरून मी दोघांनी खेळायचा मोटार शर्यतीचा गेम टाकला होता. पडदा मधोमध दुभंगतो, वर एकाची गाडी, खाली दुसऱ्याची. जॉयस्टिकही दोन.

संध्याकाळी प्रफुल आला. गुणी पोरगा. टेबलावरून हात फिरवला, म्हणाला, "बाबा, मस्त केलं. पण हे गेम आता कोनी नाई खेळत." तरी बापाशेजारी बाकावर बसला. शर्यत सुरू झाली. पत्रूभाऊ प्रत्येक वळणावर गाडी थांबवून दोन्हीकडे बघत होते, त्यामुळे ते पहिल्या वळणावर असतानाच प्रफुलने शर्यत संपवली. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. रेंज मिळेना म्हणून तो बाहेर रस्त्यावर गेला आणि बराच वेळ तिकडेच बोलत राहिला. सुट्टी कमी होती. सकाळच्या गाडीने तो परत गेला.

पुढे लॅपटॉपचे दिवस आले, माझं दुकान आटोपलं. मी शाळांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत गावोगाव हिंडू लागलो. असाच एकदा अहेरीला गेलो. बाजाराचा दिवस होता. पत्रूभाऊंच्या दारावरून जाताना आतून मोटारीची घरघर ऐकू आली.

कॉम्प्युटर चालू होता. तेच कॅबिनेट, तोच पॉवर सप्लाय. त्या वेळी मी विकलेले बाकीचे सगळे एव्हाना भंगारात गेले होते. पत्रूभाऊ बाकावर बसून खेळत होते, बाकाच्या एका टोकाला सरकून. उरलेल्या जागेवर दुसरी जॉयस्टिक नीट पुसून ठेवलेली होती.

"या जी, बसा," म्हणून त्यांनी पलीकडची खुर्ची दाखवली. मी बाकावर बसणार होतो, पण बसलो नाही.

खेळ दोघांचाच लावलेला होता. वरच्या अर्ध्या पडद्यावर त्यांची गाडी सगळी वळणं सावकाश पार करत शेवटाकडे चालली होती. खालच्या अर्ध्यात दुसरी गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी होती. चाकही हललं नव्हतं. पत्रूभाऊंची गाडी शेवटच्या पट्ट्यापाशी पोहोचली आणि त्यांनी ती ऐन पट्ट्याच्या अलीकडे थांबवली. हात मांडीवर घेतले.

"अहो, जिंकलात ना! पार करा की," मी म्हणालो.

"एकटा पार करून काय करू? प्रफुल मांगं हाये ना."

चुलीपाशी यशोदाबाईंनी मान खाली घातली. एका हसण्यावारी नेलेल्या माणसाने इतकी वर्षं लुगड्यात गुंडाळून काय जपलं होतं, ते मला त्या रिकाम्या बाकावर दिसत होतं.

"येतो का मग तो?" मी विचारलं.

"येईन. यंदा सुट्टी नाई म्हणे." पडद्यावर दोन्ही गाड्या जागच्या जागी घरघरत होत्या. पत्रूभाऊंनी जुन्या धोतराच्या फडक्याने दुसऱ्या जॉयस्टिकवरची नसलेली धूळ पुन्हा एकदा पुसली.

"पोरगं नवीन हाये अजून तिकडं," ते म्हणाले. "एक उन्हाळा, एक पावसाळा पाहू द्या त्याले."