रिकामी ओळ कशास म्हणावे

माणूस गेल्याचे लगेच कळते. परिच्छेद गेल्याचे कळायला वर्ष भरत यावे लागते. टिटवाळ्याच्या पोपटरावांना ते एका मंगळवारी सकाळी कळले. पत्नीच्या, म्हणजे रतनच्या, वर्षश्राद्धाला तिच्या पाककृतींची पुस्तिका वाटायची होती. तिने संगणकावर लिहिलेली वही त्यांनी एडिटर प्रोग्रॅमच्या टाइपसेटिंग मोडमध्ये टाकली (हा मोड साध्या मजकुराची छापायची पाने करून देतो), आणि एकशे बारा पाककृतींचा एकच परिच्छेद झाला. सव्विसाव्या पानावर बोंबलाच्या कालवणाला उकळी आली की लगेच मोदक वळायला घ्यायचे होते.

पुतण्या ऋतुराज कोलशेतला नोकरी करतो आणि हा एडिटर फुकट दुरुस्त करणाऱ्या मंडळींत आहे. (फुकट काम करणाऱ्यांत शिस्त फार.) मंडळींनी रीतसर अर्ज मागवला. काय घडले? काय घडायला हवे होते? पुन्हा घडवून दाखवता येईल का? तिसऱ्या रकान्यात पोपटरावांनी ‘नाही’ लिहिले. मग प्रश्न एडिटरबद्दल आहे हे लक्षात येऊन खोडले.

रविवारी ऋतुराज घरी आला. दहा मिनिटांत म्हणाला, “काका, काकूने रिकाम्या ओळीत स्पेस मारलाय.”

“कुठल्या?”

“सगळ्या. एकशे अकराच्या एकशे अकरा. ओळ खरोखर कोरी असली तरच मोड नवा परिच्छेद धरतो. स्पेस असला की याला वाटतं ओळ भरलेली आहे. पण काकू असं का करायची?”

“शेजारच्या सखुबाईंचं भांडं तिने कधी रिकामं परत केलं का? चिमूटभर साखर तरी घालायचीच. मग ओळ कशी रिकामी सोडेल?”

“अरे देवा. आता मंडळींच्या नोंदीत कारण काय लिहू?”

“हेच लिही.”

ऋतुराजने लिहिले. त्यावर एकोणीस दिवस चर्चा झाली. त्रेचाळीस संदेश, दोन पक्ष. जे दिसत नाही ते नाहीच, असे एका पक्षाचे म्हणणे. जे टाइप केले ते आहेच, असे दुसऱ्याचे. एका सभासदाने साखरेचे प्रमाण विचारले. अखेर ठरले, की जिच्यात फक्त स्पेस आहे ती ओळ रिकामी समजावी.

पोपटरावांचा जीव टांगणीला. “तिचे स्पेस पुसणार का रे?”

“नाही हो काका. ते राहतील. फक्त मोजायचे नाहीत.”

ही पद्धत पोपटरावांच्या ओळखीची होती. घरात एकतीस वर्षे तीच चालू होती.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. एकशे बारा कृती सुट्या झाल्या, पुस्तिका वेळेवर छापून आली, आणि नातेवाइकांनी छपाई सुबक असल्याचे सांगितले. कोऱ्या ओळींबद्दल कोणी काही बोलले नाही. वाचकहो, वर तुम्हीही त्या ओलांडूनच आलात. तुमच्या घरी शेजारचे डबे कोण भरून परत करते, तेवढे आज विचारून घ्या. ज्याला विचाराल त्याला माहीत असेलच असे नाही.

रतन गेली त्या दिवशी सखुबाईंनी पिठलं-भात आणला होता. तो डबा अजून पोपटरावांच्या ओट्यावर आहे. घासून पालथा घातलेला. परत करायचा राहिला आहे.