उरलेलं भाषण

"मशरूममध्ये प्रथिनं आहेत, ब जीवनसत्त्व आहे, आणि चरबी म्हणाल तर नावाला!" टिटवीने हात उंचावला. उद्या शाळेत तिचं भाषण होतं, आयुष्यातलं पहिलंवहिलं! त्याआधी एकदा तरी कुणीतरी ते पूर्ण ऐकायलाच हवं होतं. समोर आजोबा आणि गळ्यात टेप अडकवलेले बाबा. "आता सावधगिरी..."

"वा! झकास!" म्हणत बाबा उठलेसुद्धा. बाबा शिंपी. गिऱ्हाइकाचं मापही ते अर्धंच ऐकत, म्हणून निम्म्या गल्लीच्या पँटी घोट्याच्या वर.

तासाभराने ती स्वयंपाकघरात डोकावली, तर कढई चुरचुरत होती.

"अय्या, मशरूम! कुठून आणलेत?"

"आणायचेत कशाला? दुकानामागच्या कुजक्या फळीवर ढीगभर उगवलेत. ताजे ताजे!"

टिटवी किंचाळलीच. "बाबा! ओळख नसलेले मशरूम खायचे नसतात! विषारी असले तर शिजवूनही विष जात नाही! कुणी खाल्ले नाहीत ना?"

"मी नाही अजून. आजोबांनी मात्र ताटली लख्ख केली!"

मग काय विचारता! गॅस बंद, कढई पिशवीत, आजोबा दोघांच्या मध्ये, आणि वरात निघाली कोपऱ्यावरच्या दवाखान्यात.

"अगं, मला काहीसुद्धा होत नाहीये," आजोबा कुरकुरले.

"तेच तर! काहींचा त्रास कित्येक तासांनी सुरू होतो!"

डॉक्टर नुकतेच डबा उघडून बसले होते. टिटवी दारातूनच सुटली. "डॉक्टर, अनोळखी मशरूम खाऊ नयेत, बुळबुळीत झालेले फेकावेत, नीट शिजवावेत, पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडेच खावेत, आणि आमच्या आजोबांनी यातलं काही म्हणजे काही पाळलेलं नाही!" बाकावरचे पेशंट खोकायचे थांबले. उचललेला पहिला घास तसाच धरून डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, किती खाल्लेत?"

आजोबांनी ओशाळून खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. सगळेच्या सगळे मशरूम त्यात!

"मला ते मुळी आवडतच नाहीत. पण हा एवढ्या हौसेने वाढत होता, नाही कसं म्हणू?"

बाबा मटकन खाली बसले. टिटवीने आजोबांना घट्ट मिठी मारली, आणि सगळा दवाखाना खो खो हसत सुटला.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. हातातला मशरूमच्या भाजीचा घास त्यांनी अलगद डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि टिटवीपुढे खुर्ची सरकवली.

"बस बाळ. ते अनोळखी मशरूमचं पुन्हा एकदा सांग बरं, सावकाश. आमच्या सासूबाई आज सकाळी बागेत फिरायला गेल्या होत्या."