वर्तककाकांची अमेरिकन केस

वर्तककाकांनी मला फसवलं. तीन वर्षं, दर रविवारी, माझ्याच चहावर.

शारजात, अल नहदाला, ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. दुबईच्या एका ऑफिसात टेंडरचे कागद तपासतात. टिकल्यांचं पिस्तूलही कधी हातात धरलं नसेल, पण लिफ्टमध्ये भेटले की सुरू, "शेठ, अमेरिकेच्या घटनेनं बंदूक बाळगायचा हक्क दिलाय. राज्याचं कोर्ट तो आवळू शकतं का? मुद्दा एवढाच आहे." एकदा त्यांनी हे एसी दुरुस्त करणाऱ्याला विचारलं. तो शिडीवरूनच म्हणाला, "इन्शाल्ला, साब."

जुन्या ऑफिस फर्निचरचा धंदा मी शून्यातून उभा केला. मला वाद म्हणजे सौदा. काका म्हणायचे, आवळू शकतं. म्हणून मी म्हणायचो, नाही. त्यांनी निकालांच्या प्रिंटा पसरल्या की मी टेबलावर हात आपटायचो.

"मालकानं शेवटचा भाव ठरवला की सेल्समन त्याखाली उतरू शकत नाही, काका! घटना मालक, राज्याचं कोर्ट सेल्समन. खलास!"

"पण शेठ, गिऱ्हाईक सेल्समनच्या समोर उभं असतं हो. मालक लांब."

"मग ते मालकाला सांगा!"

काका कसंनुसं हसायचे, कागद गोळा करायचे आणि पुढच्या रविवारी नवा निकाल घेऊन हजर.

गेल्या महिन्यात त्यांची विसरलेली फाइल द्यायला मीच वर गेलो. व्हिडिओ कॉल चालू होता. मुलगा अमेरिकेत असतो हे ठाऊक होतं. सहा वर्षांची नात आहे, हे कधी बोलले नव्हते.

"आजोबा, वी हॅड द ड्रिल ॲट स्कूल. इफ अ मॅन विथ अ गन कम्स, वी हाइड. आय डिडन्ट ईव्हन कफ!"

"शाबास गं माझी बाय."

फोन ठेवून काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेठ, एकदा तरी हरा की."

त्या दिवशी मी हरायचा फार प्रयत्न केला. अबुधाबीपर्यंत माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. पण स्वतःविरुद्ध एक मुद्दा सुचेना.

तेव्हापासून काका चहाला येत नाहीत. ओरडलो मी, कबूल. पण पणाला काय लावलंय ते लपवून समोरच्याला जिंकू द्यायचं, ही फसवणूकच. आधी कळलं असतं तर मी तिथल्या तिथे हरलो असतो. जबाब द्या, काका: पहिल्याच रविवारी त्या पोरीचं नाव का नाही सांगितलंत?