छत्तीस तारा आणि एक पाइप

रविवारी सकाळी बायको भाजी आणायला बाहेर पडली आणि तक्राररावांनी ठरवलं, की तिची सायकल फक्त दहा मिनिटांसाठी बाथरूममध्ये न्यायची.

तक्रारराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात गेली बावीस वर्षं तक्रारींचं रजिस्टर त्यांच्या ताब्यात होतं, म्हणून हे नाव पडलं. दिवसभर ते लोकांचा संताप शाईने उतरवून घेत आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचा संताप बायकोला ऐकवत. अलीकडे त्यांच्या संतापाचा विषय एकच होता. जगाला संगीत कळत नाही.

झालं होतं असं, की वर्षभरापूर्वी कार्यालयाच्या जुन्या सामानात त्यांना पोस्टाने चुकून आलेली एक कॅसेट सापडली. कुठल्याशा दूरच्या गावातल्या तीन माणसांचा बँड होता. नाव 'सुटलेली चेन'. ही माणसं सायकल वाजवत. घंटी, पंप, चेन, चाकाच्या तारा, आणि वर बेंबीच्या देठापासून ओरडणं. कॅसेटी घरीच भरायच्या, कव्हरं कात्रीने कापायची, आणि एका वेळी चाळीसच काढायच्या. त्यांचे नियम कव्हरवर हाताने लिहिले होते : वाद्य विकत घ्यायचं नाही, वाद्य शिकायचं नाही, आणि कुणाच्या परवानगीची वाट बघायची नाही.

बावीस वर्षं परवानगीशिवाय पेनाचं टोपणही न काढलेल्या माणसाला हे वाचून अंगावर काटा आला.

"याला पंक म्हणतात," त्यांनी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅसेट लावून जाहीर केलं.

अकाउंटंट बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "पंखा? हां, तो दुरुस्तच करायला हवा."

त्या दिवसापासून तक्रारराव पेटले. लोक रोज मिक्सर ऐकतात, शेजाऱ्याचं ड्रिल ऐकतात, साहेबाचं भाषण ऐकतात, आणि सायकलच्या चार तारा ऐकायच्या म्हटलं की यांचं डोकं दुखतं! (तक्राररावांना स्वतःला सायकल चालवता येत नव्हती, ही गोष्ट वेगळी. लहानपणी एकदा बसले होते, एका भिंतीने थांबवलं. पण तबला ऐकायला तबल्यावर बसता यावं लागतं थोडंच?)

आणि आता 'सुटलेली चेन'ची नवी कॅसेट निघणार होती. तिच्यासाठी बँडवाल्यांनी पत्र पाठवून घरोघरच्या सायकलींचं वादन मागवलं होतं. कुणीही पाठवावं. शेवटची तारीख पुढच्या शनिवारची.

घरात सायकल एकच होती, बायकोची. बायको नर्स. ऑपरेशन होऊन घरी आलेल्या पेशंटांची ड्रेसिंग बदलायला ती त्याच सायकलवरून घरोघर जाई. आजही दहा वाजता एका म्हाताऱ्या बाईंचं ड्रेसिंग होतं. आत्ता वाजले होते साडेआठ. म्हणजे वेळच वेळ.

सायकल बाथरूममध्ये न्यायचं कारण शास्त्रीय होतं. फरशांमुळे तिथे आवाज घुमतो. (तक्रारराव स्वतः आंघोळीच्या वेळी तिथे फार बरे गातात, असं त्यांचं मत होतं.) हँडल दारात अडकलं, पेडल पिंडरीला लागलं, साबण कमोडमध्ये गेला, पण सायकल आत गेली. त्यांनी ती सीटवर उलटी उभी केली, बादलीवर टेपरेकॉर्डर ठेवला, बटण दाबलं आणि पुढच्या चाकाची पहिली तार छेडली.

टण.

दुसरी छेडली. टण. तिसरी, चौथी, दहावी. टण, टण, टण. छत्तीसच्या छत्तीस तारा एकच सूर सांगत होत्या. इतकी शिस्त कार्यालयातही नव्हती.

तक्रारराव चिडले. त्यांनी बायकोच्या हत्यारांच्या पिशवीतून तारा आवळायची चावी काढली. एक तार आवळली, तिचं "टिण" झालं. एक ढिली केली, तिचं "डंव" झालं. त्यांना जे काही वाटलं ते लग्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी सरसकट सगळ्या तारा आपल्या मनाप्रमाणे लावल्या. चाक फिरवलं तर ते कंबर हलवत फिरू लागलं आणि दर फेरीला ब्रेकला घासून "खर्र" म्हणू लागलं. तक्रारराव म्हणाले, "वा!"

आता ठेका हवा होता. भिंतीवरून पाण्याचा लोखंडी पाइप खाली जात होता. त्यांनी हातात पंप घेतला आणि पाइपावर हाणला. ढण्ण! अख्खी इमारत वाद्य झाली.

तेवढ्यात फोन वाजला. रविवारच्या ड्यूटीवरचा फिटर होता. तक्रारीला रजिस्टरचा नंबर मिळाल्याशिवाय फिटरने पान्ह्याला हात लावायचा नाही, हा नियम खुद्द तक्राररावांचाच होता.

"साहेब, एक रिटायर्ड मास्तर आहेत. पाण्याच्या पाइपातून ठोकल्याचा आवाज येतोय म्हणतात. लई तापलेत."

"रविवारी सकाळी?" तक्रारराव कडाडले. "लोकांना दुसरे उद्योग नाहीत का? हवा धरली असेल पाइपात."

"तेच मी म्हणालो. तर म्हणाले, हवा तालात ठोकत नसते."

"या वयात होतात भास. बरं, लिहून घे, एकशे चौदा. जा, आणि खालून पाइप ठोकून बघ. जिथे अडलं असेल तिथून आवाज उलटा येतो."

फोन ठेवून ते पुन्हा पाइपाकडे वळले. त्यांच्या बरोबर खाली राहणारे हेडसर हेही निवृत्त मास्तरच होते, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. कलावंताचं असंच होतं. आणि हेडसर जिना चढून "काय चाललंय?" विचारणाऱ्यांतले नव्हते. ते योग्य मार्गाने तक्रार करणाऱ्यांतले होते.

पाव तासाने तक्रारराव ढण्ण-ढण्ण वाजवून क्षणभर थांबले, तर पाइपातून आवाज आला, "ठक-ठक."

त्यांनी पुन्हा वाजवलं, ढण्ण-ढण्ण-ढण्ण. पाइप म्हणाला, "ठक-ठक-ठक."

पाइप उत्तर देत होता! वर्षभर ज्या संगीताला माणसांनी दाद दिली नाही, त्याला लोखंडाने दिली. तक्राररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. एका हाताने तारा, एका हाताने पंप, पायाने पेडल ढकलून खडखडवलेली चेन, अशी पाच मिनिटं जुगलबंदी रंगली. त्यात खालचा ठोकणारा हळूहळू वैतागत गेला, त्यामुळे लय आपोआप वाढली. मग एकदम ठोकणं थांबलं आणि दाराची बेल वाजली.

दारात तिघं उभी होती. पान्हा घेतलेला फिटर, हातात लेखी तक्रार घेतलेले हेडसर, आणि दोघांच्या मधे, भाजीच्या दोन पिशव्यांसह, बायको.

"साहेब, तुम्ही?" फिटर म्हणाला.

"तू कसा इथे?"

"तुम्हीच पाठवलंत की! एकशे चौदा."

"महाशय," हेडसर कागद नाचवत म्हणाले, "चाळीस वर्षं मी वर्ग सांभाळले. पण बाथरूममध्ये बसून सरकारी पाइप बडवणारा इसम माझ्या शाळेत एकही नव्हता!"

"बडवणारा?" तक्रारराव उसळले. "सर, तो ठेका होता!"

"माझ्या स्वयंपाकघरातली तीन कप खाली आले तुमच्या ठेक्याने!"

बायको सरळ बाथरूमपाशी गेली. आत तिची सायकल पाय वर करून पडली होती. पुढचं चाक अजून मंद फिरत होतं. खर्र... खर्र...

"अहो," ती म्हणाली. आवाज इतका शांत होता की फिटर दोन पायऱ्या मागे सरला. "हे काय आहे?"

"दहाच मिनिटं लागणार होती."

आणि मग ती सुटली.

"दहा मिनिटं? दहा वाजता त्या आजी वाट बघत बसणार आहेत! पोटाला टाके आहेत त्यांच्या! नऊ वर्षांत एक दिवस उशीर नाही, एक दिवस नाही! वादळात गेले, तापात गेले, तुमच्या भावाच्या लग्नाच्या दिवशी ड्रेसिंग करून मग मांडवात आले! आणि तुम्ही? सायकलवर बसता येत नाही, आणि तिची हाडं मोडता? वर्षभर ऐकतेय, खर्र खर्र, टण टण! मी कधी म्हटलं बंद करा? म्हटलं?" प्रत्येक "म्हटलं"ला ती दारावर थाप मारत होती. "माझ्या पेशंटला हात लावाल तर याद राखा! माझ्या सायकलला हात लावाल तर याद राखा!"

जिन्यात तिच्या आवाजाचे पडसाद उठले. हेडसरांनी लेखी तक्रार हळूच घडी करून खिशात घातली. फिटर म्हणाला, "ताई, माझी मोटरसायकल आहे खाली." ती ड्रेसिंगची बॅग उचलून त्याच्यामागून निघून गेली. आजींकडे पोहोचायला तिला चार मिनिटं उशीर झाला. नऊ वर्षांतला पहिला.

तक्रारराव सायकल खांद्याला लावून, चाक धड फिरत नाही म्हणून अर्धी ओढत अर्धी उचलत, सायकल मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने चाक एकदा फिरवलं आणि वर पाहिलं.

"काय झालं?"

"पडली," तक्रारराव म्हणाले.

"पडलेल्या सायकली मी रोज बघतो. हिची एकेक तार मोजून बिघडवलीय. हे अपघाताचं काम नाही, दावा धरून केलेलं काम आहे. कोण आहे तो? पोलिसांत द्या."

"बघतो," तक्रारराव म्हणाले.

सोमवारी रजिस्टरमध्ये एकशे चौदा बंद करायची होती. 'कारण' या रकान्यात त्यांनी कधी खोटं लिहिलं नव्हतं. बराच वेळ पेन चावून त्यांनी लिहिलं, "वरच्या मजल्यावरील इसम." साहेबांनी खाली लाल शाईत शेरा मारला, "इसम बदलावा."

घरी बायको दोन दिवस गरजेपुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी चाक सरळ होऊन आलं आणि तिसऱ्याच दिवशी तक्राररावांनी हिंमत करून कॅसेट ऐकली. टेप शेवटपर्यंत चालूच राहिला होता. त्यांच्या तारा जेमतेम ऐकू येत होत्या. पाइप मात्र छान आला होता, आणि त्यानंतर होती ती बायको, अगदी स्पष्ट, शब्दन् शब्द. त्यांनी पुसायला बोट नेलं, पण शनिवार जवळ आला होता आणि दुसरी सायकल कुठून आणणार? पाकिटावर स्वतःचं नाव "वादक" म्हणून लिहून त्यांनी कॅसेट टपालात टाकली. (बायकोला न सांगता. परवानगीची वाट बघायची नाही, हा नियमच होता.)

महिन्याभराने पत्र आलं. नेमकं तिच्या हाती पडलं. तिने ते उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

"मोठ्याने वाच," तक्रारराव म्हणाले.

"'तुमची कॅसेट ऐकून आम्ही तिघंही उठून उभे राहिलो. सायकलसाठी एवढा खरा संताप आम्ही आजवर ऐकलेला नाही. या बाईंना आमचा नमस्कार कळवा. त्यांचं गाणं आम्ही पहिलंच घेत आहोत. पाइपातून ठकठक उत्तर देणाऱ्याचंही कौतुक वाटतं, त्याची लय उत्तम आहे.'"

"आणि माझ्याबद्दल?" तक्रारराव खुर्ची पुढे ओढून म्हणाले.

"आहे की." तिने चष्मा नीट केला. "'सुरुवातीचा बराचसा भाग आम्ही कापून टाकला आहे. तिथे बहुधा कुणीतरी बाथरूम साफ करत होतं.'"

तक्रारराव ताडकन उठले. "बाथरूम साफ? हा अपमान आहे! बाथरूम साफ? मी?"

"तेच तर," पत्राची घडी घालत बायको म्हणाली. "त्यांना कळवा, बावीस वर्षांच्या संसारात असं कधी घडलेलं नाही."