तेरा पाचे पासष्ट

पोरीला चौथीत बसवायला शाळा कशाला लागते? माग चालवता चालवता मी तिला घरीच तयार करतो, असं मी अख्ख्या मोहल्ल्याला ऐकवलं होतं. मी सातवी पास! आमच्या विणकरांच्या गल्लीत तेव्हा एवढा शिकलेला मी एकटाच.

विषमज्वरानं प्रेमिलाची दोन वर्षं गेली होती. शाळेतल्या मोठ्या बाई, यमुताई म्हणाल्या, "परीक्षा घेते. जमलं तर चौथी, नाही तर दुसरी."

दुसरीत प्रेमिलाची धाकटी बहीण सुभद्रा होती! प्रेमिला रडरड रडली.

मग सकाळ-संध्याकाळ मागाची खटखट आणि तिचे पाढे सोबतच सुरू झाले. बायको देवकी सुताच्या कांड्या भरत ऐकायची. दोन महिन्यांत तिसापर्यंत पाढे पाठ! मी छाती फुगवून तिला शाळेत नेलं.

"तेराचा म्हण बरं," यमुताई म्हणाल्या.

प्रेमिला गप्प.

"काहून वं? घरी तं घडाघडा म्हणते!"

"बाबा, खटखट नाही होऊन राहिली ना!"

आली का पंचाईत! पोरीला मागाशिवाय पाढा येईना. मी खुर्चीत बसल्या बसल्या पाय आपटायला लागलो. हातानं मागावरचा धोटा फेकल्यासारखं केलं. दौत उडाली, हजेरीपट निळा झाला! पण पोरगी सुटली.

"तेरा चोक बावन्न, तेरा पाचे पासष्ट, तुटला साला!"

यमुताई ताडकन उभ्या. "कोणाला म्हणतेस गं?"

"धाग्याले, बाई! बाबानं असंच शिकवलं!"

मागावर बसून मी जे जे ओरडलो होतो, ते सगळं पोरीनं पाढ्यातच पाठ केलं होतं! मला तिला थांबवायचं होतं, पण पाय थांबले तर पाढाही थांबणार.

"चौदा चोक छप्पन्न, देवकी, चहा ठेव वं!"

बाहेरच्या शिपाईणबाई लगबगीनं चहा घेऊन हजर!

"वामनराव, पाय थांबवा!" यमुताई कडाडल्या. मी थांबलो. प्रेमिलाही थांबली. तिचे डोळे भरून आले.

"बाई, मले सुभद्राच्या वर्गात नका बसवू. मले सगळं येते."

आपल्या हुशारीपायी पोरीची आणखी दोन वर्षं बुडवली, असं वाटलं. मग टेबलाखालून हळूच आवाज आला. खट, खट. मोठ्या बाई स्वतः पाय आपटत होत्या!

प्रेमिलानं तिसापर्यंत पाढे म्हटले. एक आकडा चुकला नाही. मधे मधे तिच्या तोंडून मी अकरा वेळा धाग्याला शिव्या दिल्या आणि सहा वेळा चहा मागितला, तेवढंच. पोरगी चौथीत बसली.

पंधरा दिवसांनी यमुताईंनी मला बोलावून घेतलं. चौथीच्या चाळीस पोरी बाकांखाली पाय आपटत एका सुरात देवकीला चहा मागत होत्या!

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं, वाटलं हसेल. ती कांडी भरता भरता म्हणाली, "चाळीस जणी मलेच सांगून राहिल्या? एकीनं तरी तुमाले सांगावं म्हणा जी!"

प्रेमिला बाजूलाच बसली होती. दुसऱ्या दिवशी मी मागावर बसलो आणि तिनं पंधराचा पाढा धरला.

"पंधरा चोक साठ, बाबा, चहा ठेवा!"

मी निमूट उठलो. काय करणार, पाढा बरोबर होता!