व्याह्यांच्या डोक्यावरची लढाई

इतिहासातला सर्वांत मोठा सेनापती कोण, हे मला माहीत आहे. हनिबल. विषय संपला. ज्याला पटत नसेल त्याने दाढी दुसरीकडे करावी.

माझं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, तीन आरसे, एक बाकडं. शिक्षण सातवी नापास. पण इतिहासात माझ्याशी दोन हात करायची कुणा पदवीवाल्याची तयारी असेल तर त्याने यावं, एक खुर्ची रिकामीच असते. मोठे लोक माणसाच्या डोक्याबद्दल ग्रंथ लिहितात. मी तीस वर्षं रोज वीस डोकी हातात धरतोय. डोक्यात काय असतं आणि काय नसतं, ते मला विचारा.

ही विद्या कुठून आली तेही सांगतो, त्यात लाज कसली. वस्तऱ्यावरचा फेस पुसायला कागद लागतो. एकदा रद्दीवाल्याकडून लढायांवरचं एक जाडजूड पुस्तक किलोच्या भावाने आणलं. पान फाडायचं, फेस पुसायचा, डब्यात टाकायचं. पुष्कळसं पुस्तक असंच गेलं. मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून उरलेलं चाळायला घेतलं, आणि त्यात हा गडी सापडला. हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडलेला. वाटेत एक डोळा गेला तरी माघारी न फिरलेला. विजय, पुन्हा विजय, त्याच्यापेक्षा मोठा विजय, आणि पुस्तक संपलं. पुढची पानं वस्तऱ्याला लागली होती. मी फाडायला मागून सुरुवात केली होती.

तर त्या शनिवारची गोष्ट. सोमवारी सकाळी अकरा वाजता मुलीचं नोंदणी पद्धतीने लग्न. माझी मुलगी दवाखान्यात नर्स आहे आणि घरातही तिचा आवाज तसाच लागतो, रोग्याने हलू नये असा. सकाळी तिने मला समोर बसवलं.

"बाबा, आज सासरे तुमच्याकडे केस कापायला येणार आहेत. त्यांनीच निरोप धाडलाय. म्हणजे मान दिलाय तुम्हाला."

"मग कापतो की. छान कापतो."

"कापाल हो. पण हनिबल काढायचा नाही."

"नाही काढणार."

"हत्ती?"

"हत्तीपण नाही."

"मागच्या स्थळाचं आठवतंय ना?"

आठवत होतं. मुलाच्या वडिलांना गाडी पकडायची होती आणि माझे हत्ती नदीच्या मधोमध होते. असे अर्ध्यात सोडून कसे जाऊ देणार? त्यांची गाडी गेली, आणि पाठोपाठ स्थळही गेलं.

"या वेळी माझ्या मनातला माणूस आहे, बाबा," ती म्हणाली. एवढंच. मी माझ्या वस्तऱ्याची शपथ घेतली.

व्याही आले. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. माणसाकडे असे बघतात की आपण पन्नास ग्रॅम कमी भरलोय असं वाटायला लागतं. आल्या आल्या खुर्चीत बसले, "मध्यम ठेवा" म्हणाले आणि डोळे मिटले. मी त्यांच्या डोक्याला तेल लावून असं चोळून दिलं की दगडालाही झोप लागावी. त्यांची मान पुढे कलली. मी समाधानाने मानेवरचे केस उतरवायला मशीन हातात घेतलं.

आणि दारातून मास्तर आले.

मास्तरांनी मला सातवीत इतिहास शिकवला आणि इतिहासातच नापास केलं. आता ते दर शनिवारी बाकड्यावर येऊन फुकट पेपर वाचतात. केस कापून घ्यायचा प्रश्नच नाही. डोकं म्हणजे स्वच्छ मैदान आहे, फौजच शिल्लक नाही.

"काय रे, आज हनिबल गप्प?"

मी खुर्चीकडे बोट दाखवून हळूच म्हणालो, "व्याही आहेत. झोपलेत."

"अस्सं." मास्तरांनी पेपर उघडला. "मग आज सिकंदर बिनविरोध."

मी दात आवळले.

"एकही लढाई हरला नाही सिकंदर," पेपराच्या आडून आवाज आला.

मी मुलीचा चेहरा आठवला. मशीन चालवत राहिलो.

"तुझा शेवटी हरलाच ना?"

आता सांगा, माणसाने किती सोसायचं?

"ती सिकंदरवाल्यांनी उठवलेली अफवा आहे," मी पुटपुटलो.

"अरे, छापलेलं आहे."

"माझ्या पुस्तकात नाही."

"तुझ्या पुस्तकाला शेपूटच नाही!"

मग मात्र माझ्याच्याने राहवेना. आवाज खाली ठेवून मी कॅनीची लढाई काढली. समोर रोमची फौज, जवळजवळ दुप्पट. म्हणून पावडरचा डबा रोम केला. कंगवे आडवे लावून हनिबलची रांग केली. मधले कंगवे मुद्दाम मागे घेतले, डबा आत सरकवला, दोन्ही टोकांचे कंगवे वळवून डब्याला मिठी मारली.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "डबा आणि कंगवे. सातवीतही तू असंच लिहायचास. नीट आकृती काढता येत नसेल तर उत्तराला गुण नाहीत."

आकृती! तीस वर्षांचा राग डोक्यात गेला, आणि डोक्यातून हातात उतरला. हातात मशीन होतं.

"ही बघा आकृती. ही हनिबलची रांग." मानेच्या वर आडवा पट्टा. "मधले लोक मागे सरतात." मशीन मधोमध वर सरकलं. "समोरच्यांना वाटतं, आपण जिंकलो. ते आत घुसतात. आणि आता दोन्ही बाजूंनी..." भर्र. "कळलं?"

मास्तर उठून जवळ आले. वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "असं होय रे ते," म्हणाले. "पुस्तकात इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझं उत्तर पटलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यातून मी खाली पाहिलं, तर व्याह्यांच्या डोक्याच्या मागे वाटी उपडी ठेवावी एवढी चंद्रकोर.

"पण सिकंदर असता ना," मास्तर रंगात आले होते, "तर मागे सरायचा प्रश्नच नव्हता. तो उजवीकडे सरकत सरकत जाणार, समोर फट दिसली की असा घुसणार!" आणि त्यांनी माझं कोपर ढकललं.

उजव्या कानाच्या वर चांगला बोटभर रुंद रस्ता झाला. त्यावरून घोडागाडी गेली असती.

"मास्तर, काय केलंत हे?"

"मी नाही, सिकंदराने केलं."

मग मी डागडुजीला लागलो. चंद्रकोर बुजवायला वर गेलो, तर डावी बाजू जड दिसायला लागली. डावी हलकी केली, तर रस्ता आणखी उठून दिसायला लागला. समोरून बघावं तर माणूस झकास, लग्नाला निघालेला. मागून बघावं तर शेळीने अर्धं शेत खाल्लेलं. मास्तर पेपर घडी करून हळूच दाराकडे सरकले, तेवढ्यात दारात मुलगी उभी. हातात चहाचा थर्मास.

तिने सासऱ्यांचं डोकं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबा. हे काय आहे?"

खोटं कसं बोलणार? "कॅनी," मी म्हणालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने थर्मास खाली ठेवला आणि नुसती उभी राहिली. तिची हनुवटी थरथरताना दिसली. लहानपणी गुडघा फुटला की अशीच थरथरायची. हनिबल, सिकंदर, सगळे चुलीत गेले असते तरी मला त्या क्षणी चाललं असतं.

"मागचा आरसा दाखवा," व्याही म्हणाले. डोळे उघडे. आवाज खणखणीत.

आमच्या धंद्यात काम झालं की हातातला आरसा मागे धरून गिऱ्हाइकाला मान दाखवायची असते. तीस वर्षं मी तो आरसा दिमाखात धरला. त्या दिवशी तो हातात असा हलत होता की व्याह्यांना एकाच्या चार लढाया दिसल्या असतील. मुलीने माझ्या हातून आरसा घेतला आणि स्वतः धरला. पळून जाणाऱ्यांतली नाही ती.

व्याह्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"घोडदळ कुठंय?"

"अं?"

"हनिबलचं घोडदळ मागून येऊन वेढा बंद करतं. ते तुम्ही काढलंच नाहीत. एवढ्यातून रोमची फौज निवांत घरी गेली असती." ते खुर्चीत वळले. "माप चुकलेलं मला सहन होत नाही."

"तुम्ही... झोपला नव्हता?" मी विचारलं.

"झोपतोय कसला? मुलाने शपथ घातली होती. 'बाबा, तिथे सुबुताई काढायचा नाही, माझं लग्न आहे.' तोंड उघडलं तर निसटेल म्हणून डोळेसुद्धा मिटून बसलो. आणि इथे तुम्ही दोघं एकेक चूक करताय! अहो, सगळ्यांत मोठा सेनापती सुबुताई. मंगोल फौजेतला, लोहाराचा मुलगा. नऊ दिवस पळाल्याचं सोंग केलं आणि शत्रूला दमवून मारलं. थांबा, डाव्या कानावर जागा आहे. आणा ते मशीन."

मी मशीन पुढे केलं. मास्तर दारातून परत आले. व्याह्यांनी ते चालू केलं, आम्ही दोघं त्या डाव्या कानावर झुकलो, आणि मशीन बंद पडलं. मुलीने वायर काढली होती.

"आता कोणी हलायचं नाही," ती म्हणाली.

दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी डोकी साफ करायचं कामही तिच्याकडे असतं. पाच मिनिटांत व्याही गुळगुळीत झाले. मग तिने मला खुर्ची दाखवली.

"मी कशाला?"

"परवा कोणी विचारलं तर सांगता येईल, दोन्ही घरांत अशीच पद्धत आहे म्हणून."

लग्नाच्या फोटोत मागे आम्ही तिघं आहोत, मी, व्याही आणि मास्तर. फोटोवाला दोनदा म्हणाला, मागच्या लोकांनी जरा खाली वाका, प्रकाश परत येतोय. जावई हसून हसून सही करता करता थांबला, आणि मुलगीही हसली. त्या हसण्यावर मी हनिबलचा अर्धा हत्ती ओवाळून टाकीन. अर्धाच.

व्याही आता दर शनिवारी येतात. बाकड्यावर मास्तरांशेजारी बसतात. गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्यासाठी ते लढायांचं पुस्तक कुठून तरी मिळवून आणलं. नवं, सबंध, शेपटासकट. "शेवटचं प्रकरण वाचा," म्हणाले, "आणि मग बोला."

वाचणार होतो. खरंच वाचणार होतो. पण त्या दिवशी दुकानात गर्दी फार होती, आणि फेस पुसायला कागद संपला होता.